छत्तीस अधिक छत्तीस

एप्रिल संपत आलाय. नगरच्या मार्केट यार्डाजवळच्या रस्त्यावर सकाळचे साडेदहा वाजलेत आणि डांबर आत्ताच चपलेखाली मऊ लागतंय. रसवंतीची घुंगरं वाजताहेत. हमाल रिकाम्या हातगाड्या खडखडवत नेताहेत. त्या गलक्यातून मधूनच एक केविलवाणा आवाज येतो. कर्र... कर्र... टक. पुन्हा किल्ली फिरते. या वेळी नुसतंच टक.

दुकानातलं कोणी मान वर करून बघत नाही. इथे दिवसभर हाच आवाज असतो.

दुकान म्हणजे एका शटरचा गाळा. मागे पत्र्याची शेड, पुढे फुटपाथवर तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक लांब बाकडं. पाटीवर शहराचं नाव नव्याने रंगवलंय, अहिल्यानगर. पांढऱ्या रंगाखालून जुन्या अक्षरांच्या कडा अजून दिसतात. दारातच डिस्टिल्ड वॉटरचे कॅन रचलेत. आत शिरलं की नाकाला आधी गंध जाणवतो, आंबूस, घशात जरा चरचरणारा. गंधकाच्या आम्लाचा. इथे काम करणाऱ्या पोराच्या जीन्सवर मांडीपासून गुडघ्यापर्यंत बारीक भोकं आहेत. ती फॅशनची नाहीत.

भिंतीला लागून खोकी रचलीत. प्रत्येक खोक्यावर ठळक आकडे. १८ अधिक १८. २४ अधिक २४. ३६ अधिक ३६. आणि त्यांची बेरीज आणखी मोठ्या टायपात: ३६ महिने, ४८ महिने, ७२ महिने. बाकड्यावरून वाचता येतात ते हे बेरजेचे आकडे. अधिकचं चिन्ह वाचायला उठून जवळ जावं लागतं.

गल्ल्यामागचे शेठ पन्नाशीचे आहेत. चष्मा कपाळावर, कानात फोन. एका हाताने ते बिल लिहिताहेत आणि दुसऱ्या हाताने पोराला खूण करताहेत. "पिकअपवाल्याची आधी बघ रे. त्याचा कांदा खोळंबलाय."

पिकअप पारनेर तालुक्यातली आहे. मागे कांद्याच्या गोण्या, वर ताडपत्री. रात्रभर नेप्तीच्या उपबाजाराबाहेर रांगेत उभी होती. लिलावाला पहाटे नंबर लागावा म्हणून. गाडीवाला तिशीतला, डोळे तांबारलेले. बॅटरी त्याने मिस्त्रीकडून काढून घेतलीय आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये ठेवून आणलीय.

"शेठ, आठच महिने झाल्यात. क्लेम करा."

पोरगा मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवतो. ११.४.

"रात्री काय लावलं होतं?"

"काय नाय. गाणी व्हती. आन् आतला दिवा."

"किती वेळ?"

गाडीवाला उत्तर देत नाही. बरोबरचा मुलगा हसतो.

"भाऊ, ही खराब नाही, उतरलीय," शेठ फोनवर हात ठेवून सांगतात. "चार्जिंगला लावतो. उद्या सकाळी टेस्ट करू. तेव्हा धरली नाही तर क्लेम. तोवर ही स्पेअर घेऊन जा."

बाकड्यावर रोज सर्वांत जास्त वाद होतो तो याच मुद्द्यावर. कार्डाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, वॉरंटी कशाची ते लिहिलेलं असतं. बनावटीतल्या दोषाची. उतरलेली बॅटरी दोषात मोडत नाही. फुटलेला डबा मोडत नाही. ज्या गाडीसाठी जी बॅटरी नेमलीय ती सोडून दुसरी बसवली, तर तेही नाही. बाहेरून कोणी आम्ल ओतलं तर नाहीच नाही. पिकअपवाला हे वाचत नाही. स्पेअर बॅटरी उचलतो, शेठच्या वहीत सही करतो आणि निघतो. त्याला आज भाव काय फुटला ते बघायचंय.

मी पोराच्या मागून शेडमध्ये जातो. बाहेरच्या उन्हापेक्षा इथे गरम आहे. पत्रा तापलाय आणि चार चार्जर एकसुरात घुमताहेत. लाकडी फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग. ट्रॅक्टरच्या दांडग्या, गाड्यांच्या मध्यम, स्कूटीच्या डब्याएवढ्या. काहींची झाकणं उघडी आहेत आणि आतलं पाणी बारीक बुडबुड्यांनी उकळल्यासारखं दिसतंय. तो हायड्रोजन आहे. म्हणून भिंतीवर खडूने लिहिलंय, 'बिडी पिऊ नये', आणि वरचा पंखा हवा बाहेर फेकतोय.

पोरगा काचेची नळी एका सेलमध्ये बुडवतो, रबरी फुगा दाबून सोडतो. आतला तरंगता काटा वर येतो. "बाराशे साठ," तो म्हणतो. म्हणजे पाण्याच्या १.२६० पट जड. आम्ल ताकदीचं आहे. पुढचा सेलही बाराशे साठ. तिसरा अकराशे ऐंशी. तो पुन्हा बुडवतो, पुन्हा तेच. सहा सेलची माळ असते, प्रत्येकी साधारण दोन व्होल्टची. एक मेला की बाकीचे पाच धडधाकट असून उपयोग नाही.

"उन्हाळ्यात जास्त येतात का रे?"

"मरत्यात उन्हाळ्यात. येत्यात थंडीत."

हे तो विज्ञान म्हणून सांगत नाही, हंगाम म्हणून सांगतो. पण विज्ञान तेच आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट होते, असा या धंद्यातला ठोकताळा. शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. बाहेर चाळिसाच्या आसपास तापत असताना बॉनेटखाली किती असेल याचा अंदाज हात घातल्यावरच येतो. मग डिसेंबरात इंजिन गार, तेल घट्ट, स्टार्टर जास्त करंट मागतो आणि उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी पहाटे मान टाकते. आज शेडमध्ये एप्रिल आहे. यातल्या बऱ्याच बॅटऱ्यांचा निकाल नाताळच्या सुमारास लागेल.

पुढे येतो तेव्हा बाकड्यावर गुरुजी बसलेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, सावेडीत राहतात. पांढरी छोटी पेट्रोल गाडी समोर उभी आहे, धुतलेली, पुसलेली. शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून इथवर आणलीय आणि बंद करायची भीती वाटून अजून चालूच ठेवलीय. त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात बिल, वॉरंटी कार्ड आणि गाडीच्या कागदांची झेरॉक्स.

"बहात्तर महिने सांगितलं होतं," ते शांतपणे म्हणतात. "आज पन्नासावा महिना चाललाय."

शेठ चष्मा डोळ्यांवर घेतात. कार्ड उघडतात. शिक्का आहे, तारीख आहे, सिरियल नंबर आहे, गाडीचा नंबर आहे. ते खरोखर खूश होतात. "असं कार्ड आणणारं गिऱ्हाईक आठवड्याला एखादंच येतं, गुरुजी. नाहीतर शिक्का नाही, बिल हरवलेलं, तारखेवर चहा सांडलेला."

मग गाडी बंद करायला लावतात. पोरगा चिमटे लावतो. स्थिर व्होल्टेज १२.१. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते. आता तो लोड टाकतो. आकडा घसरतो, दहा, नऊ, आठ, आणि तिथे थरथरत राहतो. साडेनऊच्या खाली गेली की स्टार्टरला झेपत नाही. सहाही सेल तो काचेच्या नळीने पाहून येतो. एक बसलाय. क्लेममध्ये बसणारी केस आहे.

"मग बदलून द्या," गुरुजी म्हणतात.

शेठ कार्ड उलटं करतात आणि बोट अधिकच्या चिन्हावर ठेवतात. पहिले छत्तीस महिने मोफत बदली. पुढचे छत्तीस सवलत. आणि ती सवलत महिन्यांप्रमाणे उतरत जाते. खाली तक्ता आहे. गुरुजी वाकून वाचतात. पन्नासाव्या महिन्याच्या रकान्यात ३० टक्के. त्याखाली २५. सर्वांत शेवटी २०. हे आकडे कंपनीगणिक बदलतात. उतरता क्रम मात्र सगळीकडे तोच.

"तीस टक्के म्हणजे काही वाईट नाही."

"कशाच्या तीस टक्के, ते वाचा."

एमआरपीच्या. शेठ पावतीबुकाच्या पाठीवर गणित मांडतात. माझ्या दृष्टीने या दुकानातली खरी विद्या ती, आणि ती कुठल्याही खोक्यावर छापलेली नाही. नवी बॅटरी, छापील किंमत धरू ६,०००. तीस टक्के गेले, १,८०० वजा, राहिले ४,२००. जुनी बॅटरी कंपनीकडे जमा, तिचे वेगळे पैसे नाहीत. आता दुसरा हिशेब. गुरुजी कुठलंच कार्ड न दाखवता रस्त्यावरून आत आले असते, तर हीच बॅटरी दुकानाच्या भावात ५,३०० ला मिळाली असती. जुनी दिली की तिच्या शिशाचे ८०० वजा. राहिले ४,५००.

"म्हणजे बहात्तर महिन्यांच्या कार्डाचे आज तीनशे रुपये," गुरुजी म्हणतात.

"आज तीनशे. पंचवीस टक्क्यांच्या रकान्यात आला असता तर शून्य. शेवटच्या रकान्यात तुम्हीच मला तीनशे जास्त दिले असते. आणि कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागेल, ते वेगळं."

बाकड्यावरचे दोघे जण आपापल्या खिशात हात घालतात. त्यांनाही एकदम आपापलं कार्ड आठवलंय.

गुरुजी चिडत नाहीत. पेन काढतात आणि खोक्यांसमोर जाऊन उभे राहतात. आता ते बेरीज वाचत नाहीत, पहिला आकडा वाचताहेत. छत्तीसवाली ४,५०० ला. चोवीसवाली ३,९०० ला. अठरावाली ३,४०० ला. सगळे भाव जुनी देऊन. पावतीबुकाच्या कोऱ्या कोपऱ्यात ते भागाकार मांडतात, शाळेत मांडायचे तसा, बाकी खाली उतरवत. मोफत महिन्याला छत्तीसवाली १२५ रुपये. चोवीसवाली १६२.५०. अठरावाली १८९ च्या जवळ. महाग दिसणारी स्वस्त निघते.

"पण मोफत बदलून मिळाली, तर नवी वॉरंटी सुरू होते का?"

"नाही. जुन्या बिलाच्याच तारखेपासून मोजतात. तिसाव्या महिन्यात बदलली तर पुढे सहा महिनेच मोफतचे राहिले."

गुरुजी तेही लिहून घेतात.

मध्येच एक बाई येतात. डॉक्टर असाव्यात, गाडीच्या काचेवर लाल फुलीचं स्टिकर आहे. सिग्नलला आपोआप बंद होणारी आणि क्लच दाबला की चालू होणारी गाडी. त्यांना घाई आहे. शेठ खाली बसून त्या गाडीचं निगेटिव्ह टर्मिनल दाखवतात. तिथे नखाएवढा सेन्सर बसवलाय. अशा गाडीला साधी बॅटरी चालत नाही, ईएफबी किंवा एजीएम प्रकारची लागते. किंमत ऐकून त्या दोनदा विचारतात.

"साधी बसणारच नाही का?"

"बसेल ना, ताई. मापात बसेल, चालूही होईल. पण शहरात दिवसाला पन्नासदा बंद-चालू होते, त्याला ती टिकणार नाही. आणि गाडीला न नेमलेली बसवली म्हणून कंपनी हात वर करील. मी विकून मोकळा होईन, सहा महिन्यांनी तुम्ही इथेच येऊन भांडाल."

त्या हसतात. उद्या फोन करते म्हणतात. गाडी सुरू करून जातात. शेठना माहीत आहे की हा फोन दुसऱ्या कुठल्या तरी दुकानात जाईल.

साडेबारा. सावली शटरच्या आत सरकलीय. बाकड्यावरची माणसं तिच्याबरोबर आत सरकलीत. चहा येतो, अर्धा-अर्धा. शेवगावकडचा एक ट्रॅक्टरवाला हातातला कप सांभाळत विचारतो, "नागापूरच्या एमआयडीसीत तर बॅटऱ्यांचा कारखानाच हाय. थेट तिथंच नेली तर?"

ही सूचना दर आठवड्याला कोणीतरी करतं. मनमाड रस्त्याला कारखाना आहे हे खरंच. या दुकानापासून रिक्षाने जाण्याइतका जवळ. पण गेटवर क्लेम घेत नाहीत. इथे बनलेल्या मालाची तक्रारही दुकान, सर्व्हिस सेंटर, तपासणी या वाटेनेच जाते. नगरच्या गिऱ्हाइकाला गावच्या कारखान्याचा फायदा म्हणावा तर एवढाच की बाकड्यावर बोलायला विषय मिळतो.

पोरगा गुरुजींची बॅटरी काढतोय. दहा नंबरचा पाना. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. पॉझिटिव्हवर हिरवट पांढरा बुरा साचलाय. तो गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओततो आणि बुरा फसफसत वाहून जातो. जुन्या बॅटरीच्या अंगावर कोड आहे, ३८बी२०एल. नव्या खोक्यावरही तोच हवा. शेवटचं एल म्हणजे पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे त्याची खूण. आर आली तर बॅटरी ट्रेमध्ये नीट बसते पण केबल पोचत नाही, आणि मग कोणीतरी ती ओढून पोचवतं. पोराने असं ओढलेलं पाहिलंय. केबलचं इन्सुलेशन जळाल्याचा वास महिनाभर जात नाही, असं तो सांगतो.

पहिलं खोकं उघडतात. गुरुजी त्याच्याआधी लेबल वाचतात. तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. हे खोकं सात महिन्यांपूर्वीचं.

"दुसरं बघू."

शेठ क्षणभर थांबतात, मग पोराला खालचं खोकं काढायला सांगतात. दोन महिन्यांपूर्वीचं. वॉरंटी विकल्याच्या तारखेपासून मोजतात हे खरं, पण बॅटरी खोक्यातही गप्प बसत नाही. आपोआप उतरत राहते, उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं. मीटर लावतात. १२.७. गुरुजी मान हलवतात. पहिल्या खोक्यावरही मीटर लावायला सांगतात, उगाच. १२.४.

शेठ काही बोलत नाहीत. ते खोकं चार्जिंगला मागे जातं.

नवी बसते. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, वर व्हॅसलीनचं बोट. किल्ली फिरते आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. पोरगा इंजिन चालू असताना पुन्हा मीटर लावतो. १४.२. अल्टरनेटर ठीक आहे. पंधराच्या वर असता तर नवी बॅटरीही उकळून मेली असती, आणि तपासणीत ते कळतं. मग कार्डावर शिक्का पडतो, 'गाडीतील दोष'. दुकानातून निघण्याआधी हा एक आकडा बघायला मिनिटही लागत नाही. तरी बरीच गिऱ्हाइकं तोवर गाडीत बसून हॉर्न वाजवून बघत असतात.

बिल होतं. गुरुजी जुनं बिल शेजारी ठेवून ताडतात. त्यावर जीएसटी २८ टक्के. नव्यावर १८. सप्टेंबर २०२५ मध्ये दर उतरले ते त्यांना पाठ आहे, तारखेसकट, २२. मोबाइलवर ओटीपी येतो. नाव, गाडीचा नंबर, सिरियल नंबर नोंदवले जातात. कागदी कार्ड ते तरीही मागतात. शेठ शिक्का मारतात, तारीख टाकतात. गुरुजी ते पिशवीत सरकवतात.

तीस टक्क्यांचा क्लेम त्यांनी सोडून दिलाय. तीनशे रुपयांसाठी तीन दिवस स्पेअर बॅटरीवर फिरायचं नाही, असा निर्णय. जुनी बॅटरी पोरगा दोन्ही हातांनी उचलून शेडच्या कोपऱ्यात नेतो.

त्या कोपऱ्यात ढीग आहे. तडकलेल्या, फुगलेल्या, टर्मिनल झडलेल्या. दर आठवड्याला टेम्पो येतो, वजन होतं. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि ते वितळवून पुन्हा बॅटरीतच जातं, म्हणून मेलेल्या बॅटरीलाही भाव आहे. जुनी परत घेण्याचा नियम २००१ पासून आहे. २०२२ मध्ये नवे नियम आले आणि गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. पण सगळ्याच मेलेल्या बॅटऱ्या त्या वाटेने जातात असं नाही. फिरता भंगारवाला गिऱ्हाइकाला दुकानापेक्षा पन्नास-शंभर जास्त देतो. तो ती कुठे फोडतो, आम्ल कुठल्या ओढ्यात ओततो, ते कोणी विचारत नाही.

दोन वाजतात. रस्ता ओस. रसवंतीवालाही घुंगरं थांबवून सावलीत कलंडलाय. बाकड्यावर आता एकटा टॅक्सीवाला उरलाय. शिर्डीकडचा. शिर्डी, शनिशिंगणापूर, परत शिर्डी, अशी दिवसाची फेरी. पार्किंगमध्ये पाहुणे दर्शनाला गेले की तो इंजिन बंद करून पंखा आणि मोबाइल चालू ठेवतो. बॅटरी विसाव्या महिन्यात गेलीय. कार्ड २४ अधिक २४.

"चोवीसच्या आतच हाये की, शेठ."

शेठ बाहेर बोट दाखवतात. गाडीची नंबरपट्टी पिवळी आहे. मग कार्डाच्या अगदी तळाशी. तिथे वेगळी ओळ आहे, भाड्याने चालणाऱ्या वाहनांसाठी. १२ महिने. अधिकचं चिन्ह नाही.

टॅक्सीवाला ती ओळ दोनदा वाचतो. "घेताना त्यानं हे सांगितलं नाही."

"तुम्ही गाडीचा नंबर दिला होता ना?"

"दिला होता."

"मग कार्डावर तोच आहे."

तो गप्प बसतो. मोबाइलवर पाहुण्यांचा फोन वाजतो, तो कट करतो. उठून खोक्यांपुढे जातो. शेठ सवयीने छत्तीस अधिक छत्तीसवर हात ठेवतात.

"हिला टॅक्सीला किती?"

शेठ खोकं फिरवतात. "बारा."

"आन् ह्या अठरावालीला?"

पुन्हा फिरवतात. "बारा."

"भाव?"

"ही साडेचार, ती चौतीसशे. पण दादा, हिच्या प्लेटा जाड आहेत. वॉरंटी सोडा, चालायला जास्त चालेल."

"किती चालंल ते लिहून देता का?"

शेठ हसतात. पोरगाही हसतो. टॅक्सीवाला हसत नाही, मान वर करून वाट बघतो.

"लिहून नाही देता येत."

"मंग चौतीसशेवाली द्या. वर्षाच्या आत गेली तर येतो. नंतर गेली तर माझी मी बघीन." तो बॉनेट उघडायला बाहेर जातो आणि दारातून ओरडतो, "आन् ताज्या महिन्याची काढा!"